फुल्या टाकू की पूर्ण लिहू?

सभा संपली तेव्हा तीन-चार जणांनी येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "आज खरा बोललास!" म्हणाले. त्यातल्या एकानंही गटाराचा विषय काढला नाही. मी मात्र सहा महिने त्या गटारापायीच घालवले होते.

विधानसभेच्या २०२४च्या निवडणुकीआधी आमच्या तालुक्याच्या गावी काही मंडळींनी जाहीर चर्चा ठेवली होती. दोन्ही बाजूंचे लोक, प्रत्येकाला पाच मिनिटं, मग सवाल-जवाब. माझा छपाईचा धंदा आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि निवडणूक आली की दोन्हीकडची पत्रकं. पक्षाबिक्षात मी नाही, पण माहिती अधिकारात अर्ज टाकायची खोड आहे. आमच्या प्रभागातल्या एका गटाराचं बिल दोनदा निघालंय असा मला संशय होता. मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीची, झेरॉक्स हातात आली आणि संशय पक्का झाला. तेच साखळी क्रमांक (काम कुठून कुठपर्यंत झालं ते दाखवणारे), तीच लांबी, तोच ठेकेदार. तारखा तेवढ्या वेगळ्या. जमिनीत गटार एक, कागदावर दोन.

समोर होते माजी नगरसेवक. गाव त्यांना अण्णा म्हणतं, मीही म्हणतो. मी आकडे वाचायला लागलो. पहिली दोन मिनिटं लोकांनी ऐकलं, मग कुजबुज सुरू झाली. साखळी क्रमांकांवर टाळ्या पडत नाहीत. अण्णांची पाळी आली तेव्हा त्यांनी माझ्या कागदांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "अरे, तू आपल्या पत्रिका छाप. चिरंजीव कुठं आणि सौभाग्यकांक्षिणी कुठं, एवढं तुला कळतं ना? मग इंजिनिअरचं काम इंजिनिअरला करू दे."

सगळा हॉल हसला. माझ्या ओळखीचे लोकही हसले, तेच जास्त लागलं.

मी माइक ओढला. "अण्णा, तुम्ही त्या ठेकेदाराच्या ताटाखालचं मांजर आहात. मांजर तरी परवडलं, तुम्ही दलाल आहात, दलाल!" एवढं बोलून माइक टेबलावर ठेवला आणि ठेवता ठेवता भकारानं सुरू होणारा एक शब्द तोंडातून निसटला. स्वतःशीच पुटपुटावा तसा. माइक चालू होता.

त्या संध्याकाळी सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या शब्दाला पडल्या. खोटं कशाला सांगू, त्या टाळ्यांनी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. अण्णा जागेवरून हलले नाहीत. त्यांनी हात जोडले आणि हसले. हे हसणं पुढे माझ्या कामी येणार होतं, पण तेव्हा मला ते निर्लज्जपणाचं वाटलं.

रात्री जेवायच्या आधीच क्लिप फिरली. एक्केचाळीस सेकंद. गटार त्यात नव्हतंच.

दोन दिवसांनी पोलीस ठाण्यातून फोन. "जरा येऊन जा, घाई नाही, पण आजच या." ठाणे अंमलदारांनी रजिस्टर उघडलं आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "शिवी दिली का?"

"रागात तोंडातून गेली."

"गेली म्हणजे दिलीच की."

नोंद अदखलपात्र, म्हणजे एनसी, होती. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२. १ जुलै २०२४ च्या आधी हेच जुन्या दंड संहितेतलं ५०४ म्हणून सगळ्यांच्या तोंडी होतं. शांतताभंग व्हावा या हेतूनं केलेला अपमान. त्यांनी समजावून सांगितलं की एनसी आहे, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय आम्हाला यात तपास करता येत नाही, अर्जदाराला कोर्टात जायची समज दिली आहे. मग मला कशाला बोलावलं, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्हालापण समज." आणि एक छापील नोटीस पुढं सरकवली, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली १४९. यापुढे आपल्याकडून काही अनुचित प्रकार घडल्यास ही नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल, वगैरे. मी सही केली. कागद माझ्याच धंद्यातला, म्हणून नजर गेलीच: झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं पार फुटलेली.

निघताना ते सहज म्हणाले, "आधी क्लिप फिरली की ६६अ लावायचो. आता ते पण नाही." माहिती तंत्रज्ञान कायद्याचं हे कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. त्याची सुरुवात आपल्या पालघरात झाली होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदवर एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. न्यायालय म्हणालं, चर्चा करणं आणि एखाद्या मताचा पुरस्कार करणं, मग ते मत कितीही नावडतं असो, वेगळं. चिथावणी देणं वेगळं. हे मी घरी येऊन वाचलं आणि जरा हायसं वाटलं. ते हायसं वाटणं जेमतेम तीन महिने टिकलं.

मग कोर्टाची नोटीस आली. अण्णांची खासगी फिर्याद, न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे अब्रुनुकसानी. मी अजून आरोपी नव्हतो. जुन्या पद्धतीत फिर्यादीचं म्हणणं ऐकून दंडाधिकारी थेट समन्स काढू शकत होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नं खासगी फिर्यादीत एक पायरी वाढवली: दखल घेण्याआधी समोरच्याचंही ऐकायचं. अण्णांचा शपथेवर जबाब झाला होता, आता माझी पाळी होती. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा नवीन भर म्हणजे सामुदायिक सेवा. बायकोनं हे वाचून एवढंच म्हटलं, "गटार साफ करायला लावतील, बघा."

वकीलबाई तरुण होत्या, पण दिवाणीपेक्षा फौजदारीच जास्त करणाऱ्या. मी त्यांच्यापुढे छाती काढून बसलो. म्हटलं, मॅडम, टिळक-आगरकरांनीसुद्धा याच गुन्ह्यात तुरुंग भोगला. आपण लढू.

त्यांनी चष्मा काढला. "कोल्हापूर प्रकरण ना? १८८२. दिवाण बर्व्यांविरुद्ध ज्या पत्रांच्या आधारावर छापलं, ती पत्रं बनावट निघाली, हे माहीत आहे ना तुम्हाला? दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची सजा झाली. डोंगरीच्या तुरुंगात एकशेएक दिवस काढले. त्यांनी त्या कागदांवर विश्वास ठेवला होता. तुमच्याकडे कुठला कागद आहे?"

मी अभिमानानं झेरॉक्स पुढं केल्या. त्या त्यांनी नीट वाचल्या. आजवर नीट वाचणारं पहिलं माणूस. मग माझ्याच एका कोऱ्या पावतीच्या पाठीवर एकाखाली एक तीन शब्द लिहिले: मांजर. दलाल. भ.

"यातलं मांजर सोडून द्या," त्या म्हणाल्या. ताटाखालचं मांजर हा वाक्प्रचार आहे, मत आहे. सार्वजनिक कामाबद्दल सद्‌भावनेनं मत मांडलं तर त्याला अपवाद लागतो. अब्रुनुकसानीच्या कलमाला असे दहा अपवाद आहेत. मांजर त्यातल्या एखाद्यात बसवता येईल. माझी वाक्यं मॅडम अशा सोलत होत्या जसा मी पत्रिकेचं प्रूफ तपासतो, काना-मात्रेसकट.

"भ" बद्दल त्यांचं म्हणणं मला अनपेक्षित होतं. त्या शब्दाला खरं-खोटं काही नसतं. ऐकणारा कुणी घरी जाऊन, अण्णा खरोखरच तो धंदा करतात, असं समजत नाही. ती नुसती शिवी. तिथं प्रश्न ३५२ चा. सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आपल्याच राज्यातल्या प्रकरणात आहे: अपमान असा हवा की ज्यानं माणूस शांतता मोडायला प्रवृत्त व्हावा. "क्लिपमध्ये ते काय करतायत?"

"हसतायत. हात जोडून."

"उत्तम," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी पेनाचं टोक "दलाल" वर टेकवलं आणि तिथंच ठेवलं. दलाल म्हणजे मध्ये पैसे खाणारा. हा आरोप आहे, खरा किंवा खोटा ठरू शकणारा. खरं होतं एवढं सिद्ध करूनही भागत नाही, ते बोलणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. "लोकहित आपण दाखवू. खरं कसं दाखवणार? तुमचे कागद सांगतात बिल दोनदा निघालं. सही अभियंत्याची. पैसे गेले ठेकेदाराला. अण्णांनी कमिशन घेतलं हे कुठल्या पानावर आहे?"

मी झेरॉक्स उलट्यासुलट्या केल्या. उगाचच. त्या मला पाठ होत्या.

ठेकेदार अण्णांचा, हे सगळ्या गावाला माहीत आहे, असं मी म्हणालो. "सगळ्या गावाला समन्स काढायचं का?" त्यांनी विचारलं. मला त्यांचा राग आला. मी चिडून म्हटलं, मग विधानसभेत जे बोलतात त्याचं काय? तिथं रोज याहून वाईट चालतं. त्या म्हणाल्या, त्यांना घटनेचं कलम १९४ आहे, सभागृहात बोललेल्यावर खटला चालत नाही. अध्यक्ष फार तर शब्द कामकाजातून काढून टाकतात. संसदेला तसंच कलम १०५. लोकसभा सचिवालय तर असंसदीय शब्दांची यादीच करतं, २०२२ साली त्यात "जुमलाजीवी" होता. "तुमच्यासाठी कलम १९ आहे. बोलायचा हक्क आहेच, पण त्याच्याच दुसऱ्या पोटकलमात अब्रुनुकसानीचं बंधन लिहिलेलं आहे." आणि हे कलमच घटनेत बसत नाही असा वाद? तो २०१६ साली होऊन गेला होता. सुब्रमण्यम स्वामी, राहुल गांधी आणि अरविंद केजरीवाल, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, तिघेही अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हा असू नये म्हणून गेले होते. तिघेही हरले. न्यायालयानं अब्रू हा जगण्याच्या हक्काचा भाग धरला.

मला हा निकाल आजही पटत नाही. अब्रूसाठी दिवाणी दावा आहे, भरपाई मागा. तुरुंगाची धमकी कशाला? ज्याच्याकडे वकील बांधायला पैसे आणि तारखा लावायला माणसं आहेत, त्याच्या हातात हे आयतं हत्यार आहे. पण न पटणारा निकालसुद्धा मॅडमच्या टेबलावर तसाच पडून होता, आणि त्यावरून मला चालायचं होतं.

लेखी म्हणणं तयार करायला कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे बसलो. वयस्कर गृहस्थ, मराठीचा वेग असा की बोटं दिसत नव्हती. मॅडम सांगत होत्या, ते टाइप करत होते. त्या शब्दापाशी बोटं थांबली. मान वर न करता विचारलं, "फुल्या टाकू की पूर्ण लिहू?"

"पूर्ण लिहा," मॅडम म्हणाल्या. "फुल्या टाकल्या तर वाचणारा मनानं याहून वाईट काहीतरी भरेल."

त्यांनी टाइप केला. अवतरणचिन्हात. मी आयुष्यभर अक्षरं जुळवत आलोय, तो शब्द बोलण्यात कितीदा आला असेल देव जाणे, पण सरळ ओळीत, पानाच्या मधोमध, बाजूला समास सोडून उभा असलेला पहिल्यांदाच पाहिला. प्रिंट काढल्यावर टायपिस्ट काकांनी तो कागद पालथा ठेवला, कारण मागं एक बाई भाडेकराराची वाट बघत बसल्या होत्या.

पहिली तारीख समोरचे वकील न आल्यामुळे गेली, दुसरी साहेब रजेवर म्हणून. तिसऱ्या वेळी पुकारा झाला. समोरच्या वकिलांनी फिर्याद वाचायला घेतली आणि त्या शब्दापाशी आवाज खाली गेला. दंडाधिकारी म्हणाले, "ऐकू आलं नाही." त्यांनी पुन्हा वाचला, यावेळी ठणठणीत. मागच्या बाकांवर कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मी जमिनीकडे बघत होतो. सभेत टाळ्या मिळालेला हाच तो शब्द. दंडाधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंना विचारलं, समेटाचं काही होतंय का बघा, आणि जेवणानंतर यायला सांगितलं.

व्हरांड्यात एकच बाक रिकामा होता. अण्णा आधीच बसले होते, मांडीवर फायलींची पिशवी. मी उभा राहिलो तर त्यांनी पिशवी सरकवून जागा केली.

"काय म्हणतो छापखाना?"

"तुमच्या लोकांनी या वेळी पत्रकं दुसरीकडून छापली."

"मी नाही सांगितलं तसं." थोड्या वेळानं म्हणाले, "दलाल म्हणालास त्याचं काही नाही रे. तीस वर्षं राजकारणात आहे, तीस वर्षं ऐकतोय. तो दुसरा शब्द. सुनेनं मोबाईलवर लावला होता, मी आत आलो तर पटकन बंद केला. तिनं काय ऐकलं ते मला कळलं, मला कळलं हे तिला कळलं. आठ दिवस ताट वाढताना माझ्याकडे बघत नव्हती."

मी विचारलं, मग सगळी फिर्याद दलालवर कशी? "वकील म्हणाले दलालवर धरू, त्यात वजन आहे."

मॅडमनी पावतीवर ज्याला नुसती शिवी म्हणून बाजूला ठेवलं होतं, ते या माणसाच्या घरात ताटापर्यंत गेलं होतं. "अण्णा, त्याची माफी मागतो," मी म्हणालो. "तुमच्याही आणि वहिनींसमोरही. पण गटाराची नाही मागणार." ते म्हणाले, गटाराचं काय ते नगरपालिका बघेल. म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मग कागदावरची घासाघीस. दोन तास. समोरच्या वकिलांना संपूर्ण भाषणाबद्दल दिलगिरी हवी होती. मॅडमनी मसुदा लिहिला, त्यात नेहमीचं वाक्य होतं: माझ्या बोलण्यामुळे भावना दुखावल्या असल्यास. समोरचे म्हणाले, "असल्यास" काढा. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काढा. ताट वाढताना मान खाली घालणारी सून डोळ्यांपुढे असताना "असल्यास" लिहिणं मलाच नको होतं. "दलाल" मागे घेतला, कारण माझ्याकडे त्याचा पुरावा नाही, आणि तसं स्पष्ट लिहिलं. दोन बिलांबद्दलचे प्रश्न कायम आहेत, हे वाक्य ठेवण्यासाठी मॅडम भांडल्या आणि ते राहिलं. शेवटी अण्णा म्हणाले, "आणि मांजर?" दोन्ही वकील हसले. मांजर राहिलं.

फिर्याद मागे घेतल्याची पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली, दंडाधिकाऱ्यांनी अण्णांना विचारलं, दबाव नाही ना, आणि प्रकरण निकाली निघालं. ठाण्यातली एनसी मात्र रजिस्टरात आहे ती आहेच. माफीपत्राच्या प्रती मी माझ्याच छापखान्यात काढल्या आणि ज्या हॉलमध्ये बोललो होतो तिथल्या फलकावर एक लावली. मुद्रितशोधन तीनदा केलं.

त्याच आठवड्यात झेरॉक्स जोडून मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. साखळी क्रमांक, लांबी, तारखा, रकमा. विशेषण एकही नाही. पोच मिळाली आहे, शिक्का स्पष्ट आहे. उत्तर अजून नाही. आवक क्रमांक घेऊन मी महिन्यातून एकदा जाऊन येतो.

क्लिप अजून फिरते. मध्ये कुणीतरी त्या जागी बीप घातलाय. परवा एक जण मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले, मजकूर दिला, कागद निवडला आणि मग जरा वाकून म्हणाले, "तुम्ही तेच ना? तो शब्द नक्की काय होता हो? ऐकू येत नाही."

मी त्यांना बसवलं. मोजमाप पुस्तिका म्हणजे काय ते सांगितलं, दोन तारखा सांगितल्या, गटार कुठून कुठे आहे ते काउंटरवर बोटानं काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हो, पण शब्द?"